मेजर रॉबर्ट गिल : अजिंठ्याच्या राखणीतील एक आयुष्य

अजिंठ्याची लेणी म्हटली की मराठी वाचकाला मेजर रॉबर्ट गिल आठवतो, आणि गिल म्हटला की पारो आठवते. ही साखळी इतकी रूढ झाली आहे की तिच्या मधल्या दुव्याचे, म्हणजे गिलने अजिंठ्यात बसून केलेल्या कामाचे, पुढे काय झाले हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परदेशी चित्रकार, गावातली एक तरुणी, डोंगराच्या कुशीतील निर्जन लेणी आणि अकाली मृत्यू एवढी सामग्री लोककथेला पुरते. चरित्राला ती पुरत नाही. गिलचे आयुष्य सांगताना त्या कथेचा निकाल लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. आडवळणाच्या ग्रामीण मुलुखातील एखादे प्राचीन स्मारक राखणे म्हणजे नेमके काय करणे, ते जागच्या जागी राखायचे की त्याची प्रतिमा सुरक्षित मानल्या गेलेल्या दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवायची, हा प्रश्न गिलच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो तितका तो फार थोड्या आयुष्यांत दिसतो. त्या दृष्टीने हे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे सांगणे इष्ट होईल. ज्या जिल्ह्याला दीर्घकाळ औरंगाबाद या नावाने ओळखले जाई आणि जो आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखला जातो, त्याच्या ईशान्य भागात सह्याद्रीच्या अजिंठा रांगेत वाघूर नदीने नालाकृती वळण घेतले आहे. त्या वळणावरच्या उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांतील नववे, दहावे अशी काही लेणी सातवाहनकालीन असून उरलेली बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळातील मानली जातात. लेण्यांच्या पायथ्याचे फर्दापूर हे खेडे आणि घाटमाथ्यावरचे अजिंठा हे तटबंदीचे गाव यांच्यामध्ये लेणी येतात. अजिंठा गावावरून लेण्यांना नाव मिळाले. पण गाव आणि लेणी यांत दहा-अकरा किलोमीटरचे अंतर आहे, आणि गिलच्या काळी ते घाटाच्या वाटेने घोड्यावरून किंवा पायी कापावे लागे. हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. येथून जवळच, असई येथे, १८०३ च्या सप्टेंबरात मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली होती. तेव्हापासून इंग्रजी फौजेतील अधिकाऱ्यांना हा मुलूख ठाऊक झाला होता.

१८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास फौजेतील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत उतरला आणि दहाव्या लेण्यात पोहोचला. लेण्यांचा शोध त्याने लावला असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होतीच, शोध लागला तो युरोपीय विद्याव्यासंगाला. येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. स्मिथने आपले नाव आणि तारीख दहाव्या लेण्यातील एका रंगविलेल्या आकृतीवरच कोरून ठेवली. बाहेरच्या जगाने अजिंठ्याशी केलेल्या पहिल्या नोंदलेल्या व्यवहाराची खूण अशी चित्राला झालेल्या जखमेच्या रूपाने शिल्लक आहे. पुढील वीस-पंचवीस वर्षांत येणाऱ्यांची संख्या वाढली आणि जखमाही वाढल्या. डॉ. जेम्स बर्ड या हौशी संशोधकाने भिंतीवरील काही आकृती संग्रहालयासाठी सोलून काढण्याचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नात गिलाव्याची पूड झाली. जतनाच्या नावाखाली नाश कसा होतो याचा अजिंठ्यातील हा पहिला धडा होय.

जेम्स फर्ग्युसन हा नीळ-व्यापारातून स्थापत्याच्या अभ्यासाकडे वळलेला गृहस्थ १८३९ मध्ये येथे आला. त्याने लेण्यांना क्रमांक दिले. तेच क्रमांक थोड्याफार भरीसह आजही चालू आहेत. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्याने हिंदुस्थानातील शैलगृहांवर निबंध वाचला आणि अजिंठ्याची चित्रे झपाट्याने नष्ट होत असल्याकडे सभासदांचे लक्ष वेधले. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे विनंती केली आणि १८४४ मध्ये संचालकांनी लेणी साफसूफ करण्याचे व चित्रांच्या नकला करविण्याचे ठरविले. या कामासाठी मद्रास फौजेतील कॅप्टन रॉबर्ट गिल याची निवड झाली. १८०४ मध्ये जन्मलेला गिल तेव्हा चाळिशीला आला होता. विशीतच तो कंपनीच्या नोकरीत शिरला होता. चित्रकलेचा हात, फौजी शिस्त आणि शिकारीची आवड या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी होत्या, आणि त्या मुलुखात राहण्यासाठी तिन्हींची गरज होती.

गिलचा मुक्काम अजिंठा गावातील बारादरीत होता. तेथून लेण्यांपर्यंत जाणे, पडलेली माती उपसणे, साचलेले पाणी काढणे, वटवाघळांची व पक्ष्यांची घाण दूर करणे आणि मग भिंतीपुढे मचाण बांधून काम सुरू करणे असा क्रम होता. कोरीव विहारांच्या आतल्या भिंतींवर दिवसाचा थोडाच वेळ पुरेसा उजेड असतो. पावसाळ्यात तोही नसतो. त्या काळी दरीत वाघांचा वावर होता, मधमाश्यांची मोठमोठी पोळी होती आणि हिवतापाचा उपद्रव होता. गिल पट्टीचा शिकारी म्हणून ओळखला जाई, आणि वाघांच्या शिकारीचे त्याच्याविषयीचे किस्से त्या भागात पुढेही सांगितले जात राहिले. आजारपणाने त्याच्या कामात वरचेवर खंड पडला. तरीही १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे त्याने हे काम सोडले नाही.

त्याच्या कामाची पद्धत समजून घेतली पाहिजे. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या गिलाव्यात खडकाची भरड, भुसा व वनस्पतींचे तंतू मिसळलेले असून वर चुन्याचा पातळ हात दिलेला आहे. रंग बहुतेक स्थानिक मातीचे व खनिजांचे असून निळा तेवढा बाहेरून आणलेल्या लाजवर्द दगडाचा आहे. हे रंग डिंक वा सरस यांसारख्या बंधकाने कोरड्या पृष्ठावर लावलेले आहेत. गिलने या चित्रांच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगांत आणि मोठ्या आकारात केल्या. तौलनिक साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे एक भाषांतर होते. मुळातील रेषेची लय तैलरंगाच्या जाड थरात किती उतरली याविषयी मतभेद होऊ शकतो, आणि मंद प्रकाशात तुटक दिसणाऱ्या भागांपुढे प्रत्येक भाषांतरकाराप्रमाणे गिललाही निवड करावी लागली असणार. तथापि त्याच्यासमोर जे मूळ होते ते आज आपल्यासमोर नाही, आणि म्हणूनच त्याच्या नकलांचे मोल केवळ कलागुणांवर ठरत नाही. १८४० च्या दशकात जे भाग भिंतीवर होते त्यांतील कित्येक नंतर गळून पडले. त्या भागांचा साक्षीदार असलेला चित्रकार म्हणजे गिल.

गिलच्या मोठ्या नकला सुमारे तीस झाल्या. त्या टप्प्याटप्प्याने लंडनला पोहोचल्या आणि कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील संग्रहालयात ठेवल्या गेल्या. पुढे त्यांतील बहुतेक लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे उभारलेल्या स्फटिकप्रासादात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, मांडण्यात आल्या. काच आणि लोखंड यांचा तो प्रासाद त्या काळच्या औद्योगिक आत्मविश्वासाचे प्रतीक होता. निजामाच्या राज्यातील ओलसर, वाघांनी भरलेल्या दरीपेक्षा चित्रांना तेथे अधिक सुरक्षितता आहे याविषयी कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. १८६६ च्या डिसेंबरअखेर त्या प्रासादाच्या उत्तरेकडील भागाला आग लागली आणि गिलच्या नकला जळून गेल्या. अन्यत्र असलेल्या मोजक्याच काय त्या वाचल्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्या चित्रांची छायाचित्रे कोणी घेऊन ठेवली नव्हती. १८५६ मध्ये श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारताविषयीच्या ग्रंथात छापलेल्या काही ठशांवरूनच त्यांतल्या थोड्यांचा अंदाज करता येतो. एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांचे फळ अशा रीतीने एका रात्रीत नाहीसे झाले, आणि ज्या दरीला असुरक्षित समजून ही उठाठेव केली होती त्या दरीत मूळ चित्रे मात्र, जीर्ण स्थितीत का होईना, टिकून होती.

गिल केवळ चित्रकार असता तर त्याचे कर्तृत्व येथेच संपले असते. परंतु आग लागण्यापूर्वीच त्याने दुसरे साधन हाती घेतले होते. १८६० च्या सुमारास त्याने अजिंठा, वेरूळ आणि वऱ्हाडच्या बाजूस लोणारपर्यंतच्या वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांतील पुष्कळशी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली, म्हणजे दर्शकयंत्रातून पाहताना खोलीचा भास देणारी होती. १८६४ मध्ये या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. शैलगृहांवरील पुस्तकात त्याची ७४ छायाचित्रे होती. पश्चिम भारतातील स्थापत्य व निसर्ग या विषयावरील दुसऱ्यात १०० होती. दोहोंस फर्ग्युसनने मजकूर लिहिला. ज्याच्या निबंधामुळे गिल अजिंठ्याला आला त्याच्याच शब्दांबरोबर गिलचे हे टिकाऊ काम जगापुढे आले. त्या काळाच्या नोंदींना वास्तुशास्त्रीय महत्त्व का आहे याचे एक उदाहरण पुरेसे होईल. पहिल्या लेण्याच्या दर्शनी मंडपाचे दोन स्तंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उभे होते. आज तेथे तो मंडप नाही. दुरुस्तीपूर्वीची लेणी कशी दिसत होती हे सांगायला आज त्या पिढीची चित्रे आणि छायाचित्रे एवढाच आधार आहे.

आता पारोविषयी. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावरील इंग्रजी लेख गिलनेच बसविलेला आहे. त्यावरून पारो २३ मे १८५६ रोजी वारली आणि गिलच्या मनात तिच्याविषयी गाढ प्रीती होती, एवढ्या दोन गोष्टी निःसंशय ठरतात. बाकी सारे, म्हणजे ती कोणत्या समाजातील होती, दोघांची गाठ कशी पडली, गावाने त्यांचे नाते कसे घेतले, हे लोककथेच्या प्रांतातले आहे. कथेच्या सोयीसाठी ज्या गोष्टी वगळल्या जातात त्याही सांगितल्या पाहिजेत. गिलला युरोपीय पत्नी होती, मुले होती. पारोच्या मृत्यूबरोबर त्याच्या कलेचाही अंत झाला असे कथा सुचविते. प्रत्यक्षात तो त्यानंतर २३ वर्षे जगला आणि त्याची प्रसिद्ध छायाचित्रे त्याच उत्तरकाळातील आहेत. त्याने आपले शेवटले दिवसही त्याच मुलुखात काढले. १८७९ च्या एप्रिलमध्ये आजारी अवस्थेत अजिंठ्याहून भुसावळकडे नेत असताना त्याचा अंत झाला. भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत त्याची कबर आहे. अजिंठ्यातील पारो आणि भुसावळचा गिल यांच्यामध्ये तोच घाट आहे, ज्याच्या पायथ्याशी लेणी आहेत.

गिलच्या पश्चात जे घडले त्यावरून त्याच्या आयुष्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्याच्या हयातीतच, १८७२ पासून, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या हिंदी विद्यार्थ्यांसह नव्याने नकला सुरू केल्या आणि १८८५ पर्यंत ते काम चालविले. त्या नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे ठेवण्यात आल्या. १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि त्यांतील अनेक जळाल्या. या वेळी निदान छापील ग्रंथ निघू शकला; ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतीवर रोगण लावण्याचा दोष मात्र ग्रिफिथ्सच्या काळाकडे जातो. ते रोगण पुढे पिवळे पडून तडकले. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नकलांची तिसरी मोहीम काढली. तीत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे अवनींद्रनाथांचे शिष्य सहभागी झाले. यांपैकी हालदार पुढे १९२५ मध्ये लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले. बंगालीत त्यांनी अजिंठ्यावर पुस्तकही लिहिले. अजिंठ्याची रेषा उत्तर भारतातील कलाशिक्षणात पोहोचण्याचा हा एक मार्ग होता. यानंतर जपानी चित्रकारांनी केलेल्या नकला टोकियोत होत्या. १९२३ च्या भूकंपात व त्यामागून आलेल्या आगीत त्या नष्ट झाल्या. १८६६, १८८५ आणि १९२३ अशा तीन वेळा अजिंठ्याच्या प्रतिमा त्या काळच्या सर्वांत प्रगत शहरांत नाश पावल्या.

या घटनांमध्ये दैवाचा खेळ पाहण्याचे कारण नाही. लाकूड, कापड आणि तेल जळते. ओल्या दरीतला दगड जळत नाही. तरीही त्यातून एक विचार पुढे येतो. कंपनीच्या संचालकांनी नकलांवर भर दिला, कारण चित्रे टिकणार नाहीत असे त्यांनी गृहीत धरले होते. नक्कल म्हणजे नाशाची आगाऊ पत्करलेली भरपाई. तिच्यासाठी पैसा, कॅनव्हास आणि माणसाची वर्षे उपलब्ध झाली. मूळ स्थळी कायमची राखण, निचरा, गिलाव्याची पकड, भेट देणाऱ्यांवर देखरेख या बाबींना त्या मानाने फार उशिरा व्यवस्थित रूप आले. १८४८ मध्ये मुंबईत लेण्यांच्या पाहणीसाठी आयोग नेमला गेला, १८६३ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे शिलालेख अभ्यासले, १८७९ मध्ये, म्हणजे गिलच्या मृत्यूच्याच वर्षी, जेम्स बर्जेसची अजिंठ्यावरील टिपणे निघाली. ज्ञान वाढत गेले. राखण मागे राहिली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला, परंतु अजिंठा निजामाच्या राज्यात असल्याने तेथे तो कायदा लागू नव्हता. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते काढून गुलाम याझदानी यांच्याकडे ते सोपविले आणि मगच लेण्यांकडे पद्धतशीर लक्ष गेले. १९२० ते १९२२ च्या दरम्यान लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरविण्यात आला. त्यांच्या उपचारांतही लाखेचे रोगण होते, आणि ते काढण्याचे काम पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेला पुढे करावे लागले. जतन ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही. एका पिढीचा उपाय पुढल्या पिढीला तपासावा लागतो, प्रसंगी निस्तरावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर काळात अजिंठ्याची लेणी राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून केंद्र सरकारच्या अखत्यारीत आली. त्यांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे, १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांत नियंत्रित झाले. कायद्याचे क्षेत्र असे मीटरांत मोजले जाते, आणि ते तसे मोजावेच लागते. परंतु ग्रामीण जिल्ह्यातील वारसा अशा वर्तुळात मावत नाही. गिल राहिला ती गावातली बारादरी, गावाची तटबंदी, पारोची कबर, घाटाची जुनी वाट, ही सारी लेण्यांच्या अर्वाचीन इतिहासाचीच अंगे आहेत. लेणी पाहून परतणाऱ्या प्रवाशाला ती सहसा दिसत नाहीत.

या बाबतीत साहित्याने जे केले त्याची दखल घेतली पाहिजे. ना. धों. महानोर हे याच परिसरातील, सोयगाव तालुक्यातील पळसखेडचे. लहानपणापासून कानावर आलेल्या गिल-पारोच्या कथेला त्यांनी 'अजिंठा' या दीर्घकवितेत १९८४ मध्ये शब्दरूप दिले. २०१२ मध्ये तिच्या आधाराने नितीन देसाई यांनी चित्रपट काढला. इतिहासाच्या अभ्यासकाला या परंपरेत पुष्कळ वगळलेले आणि पुष्कळ घातलेले दिसेल. पण तिने एक गोष्ट केली जी सरकारी दप्तराने केली नाही. गिलच्या आयुष्यातील एका स्थानिक स्त्रीला तिने नावासह जिवंत ठेवले. दप्तरात गिल आहे, पारो नाही. कथेत पारो आहे, पण १०० छायाचित्रे काढणारा, माती उपसणारा, आजारपणात काम रेटणारा गिल नाही. दप्तर आणि कथा या दोन्हीही एका अर्थी नकलाच आहेत, आणि दोन्हींत मुळाचा काही भाग गळून गेला आहे. त्या शेजारी ठेवून वाचणे हे अभ्यासकाचे काम होय. एकीने दुसरीला खोटे पाडण्याची आवश्यकता नाही.

गिलची योग्यता कशात होती, याचे उत्तर यावरून काढता येईल. त्याच्या नकला वाचल्या असत्या तर आपण त्याला कदाचित एक मेहनती, मध्यम प्रतीचा चित्रकार म्हणून ओळखले असते. त्या जळाल्या म्हणून त्याच्याभोवती करुणेचे वलय आले. परंतु या दोन्हींपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या काळात अजिंठ्याला येणारे लोक दोन दिवस राहत आणि भिंतीवर नाव कोरून किंवा एखादा तुकडा खिशात घालून जात, त्या काळात हा मनुष्य तेथे राहिला. पस्तीस वर्षे त्याने त्या दरीशी संबंध तोडला नाही. ही चित्रे पाहण्यासाठी एखाद्याने सारी हयात तेथे घालवावी इतक्या मोलाची आहेत, हे त्याच्या वास्तव्यानेच त्या मुलुखाला आणि सरकारला दाखविले. नियमबद्ध राखण त्याच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन दशकांनी आली. तोवर जे रखवालीसारखे काही होते त्यात गिलच्या नुसत्या तेथे असण्याचा वाटा मोठा आहे. दूर देशी पाठविलेले त्याचे काम राख झाले. तेथे राहून त्याने ज्याकडे लक्ष दिले ते अद्याप उभे आहे, आणि त्याला अजूनही कोणीतरी तेथे राहून लक्ष देण्याची गरज आहे.